सूर्य-चंद्राच्या पुड्या

बँकेच्या कॉलनीच्या फाटकाशेजारच्या भिंतीवरची पितळी अक्षरं कुणीतरी काढून नेली आहेत. पण ती इतकी वर्षं तिथे होती, की त्यांच्या मागची भिंत उन्हापावसातून वाचली आणि नाव अजूनही वाचता येतं. नुसत्या फिक्या रंगाचं. रविवारी सकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि उगाचच शर्टाची कॉलर नीट केली. या फाटकातून आत जाताना आपण नीटनेटकं दिसावं, ही सवय काही अंगातून जात नाही.

वॉचमननं खुर्चीत बसूनच विचारलं, "कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. मी राहायचो इथं. बी बिल्डिंगला, तळमजल्यावर."

"आता कुणीच राहत नाही साहेब. पाडायच्यात सगळ्या. मशिनी यायच्यात."

"म्हणूनच आलोय."

त्याच्या बोलण्याला आमच्याकडचा हेल होता. विचारलं तर निघाला वाशीमचा. मी हिंगोलीकडचा. "म्हंजे शेजारीच की!" असं म्हणून तो उठला आणि फाटकाची कडी काढली. "बघून या, पण जिना चढू नका. कठडे सुटलेत." माझ्यापेक्षा वयानं थोडा लहान असेल. गणवेश त्याच्या अंगाला बराच मोठा होता, खांद्यांवरून उतरलेला. कुठल्या तरी एजन्सीचा.

आत गवत कमरेएवढं झालंय. बँकेची बस जिथे वळायची तिथे आता एरंड उगवलाय. आताच्या लोकांना कॉलनी नको असते. बँक घरभाडं देते, ते रावेत-वाकडला लिफ्टच्या इमारतींत राहतात. मीही चिखलीला राहतो, बँकेच्याच कर्जावर घेतलेल्या घरात. पलीकडे आकुर्डीच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि माझे पाय आपोआप दवाखान्याच्या खिडकीकडे वळले.

ए बिल्डिंगच्या तळाशी बँकेचा दवाखाना होता. खिडकीला जाळी, आणि जाळीत खाली अर्धगोल भोक, हात जाईल एवढं. काच फुटलीय, आत कपाटं नाहीत, पण वास तसाच आहे. स्पिरिट, खोकल्याचं लाल औषध आणि खाकी कागदाचा जुनाट दमटपणा. त्या भोकातून औषधं देणाऱ्या दिघेकाकांचा हात बाहेर यायचा. हाताखेरीज काका कधी पूर्ण दिसलेच नाहीत असं वाटतं. आठवतो तो हात, तळव्यावरच्या पुड्या आणि पुड्यांवर काढलेले सूर्य-चंद्र.

*

आमची बँक म्हणजे खातं काढायची बँक नव्हे. ती बँकांची बँक, देशाची. गावाकडे हे कुणालाच पटायचं नाही. पारावरचे म्हातारे विचारायचे, "मंग नोटा तूच छापतोस का रे?"

"मी चहा देतो बाप्पा. कॅन्टीनला आहे."

"छापणारे तुह्याच हातचा चहा पेत असतील की. लक्ष ठेवा म्हणावं आमच्यावर!"

सातवीनंतर शाळा सुटली, पुढे गावही सुटलं. कासारवाडीला रुळांलगत एका खोलीत आम्ही पोरं दाटीनं राहायचो. गाडी गेली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम. कटिंग ऑइलचा वास नखांत, केसांत, डब्यातल्या भातालाही. तिथे शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा हात बघताना आधी बोटं शाबूत आहेत का ते बघायची सवय लागलेली. मग कुणीतरी बँकेच्या कॅन्टीनमध्ये चिकटवून दिलं. आधी बदली कामगार म्हणून, मग कायम. कसं झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की गणवेशाचं कोरं कापड हातात दिलं तेव्हा मी ते नाकाशी धरलं. खळीचा वास. त्याबरोबर काळे बूट आणि छत्री. छत्री! मी त्या छत्रीखाली पहिल्यांदा पावसात निघालो तेव्हा माझ्यावर थेंब पडत नाहीत याचंच मला अवघडल्यासारखं झालं.

कित्येक वर्षं एक धाकधूक होती. कुणीतरी सूट-बूटवाला साहेब कॅन्टीनमध्ये येईल, माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, हा नव्हे, दुसरा कुणीतरी होता, चुकून याला घेतला. म्हणून मी कधी भिंतीला टेकून उभा राहिलो नाही. साखर सांडली तर दाणे वेचून घ्यायचो. मॅनेजर हसायचे, "अरे, बँक बुडणार नाही तेवढ्यानं." मला बँकेची काळजी नव्हती, माझी होती.

आणि मग क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मोरीत नळ, मागे कढीपत्त्याचं झाड. मी मायला आणायला गेलो.

*

मायचं कार्ड झालं. फोटोत तिनं पदर इतका पुढे ओढलाय, की नाकच दिसतं. त्या कार्डावर तिला दवाखाना, औषधं, चष्मा, गरज पडली तर मोठं हॉस्पिटल, सगळं बँकेकडून. मी तिला ते समजावून सांगितलं तेव्हा तिनं कार्ड कपाळाला लावलं आणि विचारलं, "आन् मह्याकडून काय करून घ्यायचं हाय त्यांना?"

"काहीच नाही."

"असं कुठं असतंय का?"

आल्या आल्याच डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. रक्तदाब फार होता. "आजी, चक्कर येत नाही तुम्हाला?" "येती की. येती आन् जाती." बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळी रोज पोटात गेली पाहिजे. एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर एखाद्या दिवशी एक अंग जाईल, किंवा माणूसच. मी मान हलवली. माझ्या मनात आलं, आता काही होत नाही. आता आपण बँकेत आहोत.

दिघेकाकांना कळलं की मायला वाचता येत नाही. त्यांनी खाकी कागदाच्या पुडीवर पेननं गोल काढला, त्याला किरणं काढली. "ही सकाळची, आजी." दुसरीवर चंद्रकोर. चंद्राशेजारी त्यांनी उगाचच एक चांदणीही काढली. मायला त्या चांदणीचं फार कौतुक. घरी येईपर्यंत ती पुडी तळहातावर घेऊन चालली, तीर्थ आणल्यासारखी.

कॉलनीत तिचा जीव रमला असं म्हणणार नाही. दारं बंद असायची. बायका संध्याकाळी बागेत गोल गोल चालायच्या. माय दारात बसून बघायची. "कुठं चालल्यात रे या?" "कुठंच नाही माय, व्यायाम आहे." "परत तिथंच यायचं तर निघायचं कशाला." मी सकाळी बसनं पुण्याला ऑफिसात जायचो. बसमध्ये खोबरेल, पावडर आणि अत्तराचा वास, गप्पा, एखाद्या बाईच्या मांडीवर निवडायची मेथी. संध्याकाळी परत आलो की माय दारातच असायची. तिथेच, तशीच. फक्त ऊन तिच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलेलं.

बँकेचं प्रत्येक देणं तिला हातात घेऊन बघायला लागायचं. टॉवेल, साबण, दिवाळीला कॅन्टीनच्या मिठाईचा डबा. एकदा मी तिला बँकेच्या हॉलिडे होमला महाबळेश्वरला नेलं. कोऱ्या चादरी, खिडकीबाहेर धुकं. निघायच्या दिवशी सकाळी उठलो तर तिनं फरशी पुसलेली, मोरी घासलेली आणि चादरींच्या घड्या घालून ठेवलेल्या. तिथला माणूस म्हणाला, "आजी, अहो हे आमचं काम." माय म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात राहून तसंच उठून जावं व्हय?"

*

गावी आमच्या गल्लीत एक रीत होती. घरात काही वेगळं झालं की शेजारी वाटी जायची. आंबाडीची भाजी असो, खरवस असो, पाहुण्यानं आणलेला पेढा असो, त्याचा तुकडा. आणि आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर मीठ. वाट्या सारख्या फिरत असायच्या. कुठली कुणाची हे सणाला भांडी घासतानाच कळायचं. मला वाटायचं, ही रीत गावात राहिली. ती मायबरोबर कॉलनीत आली होती हे मला एका दिवाळीत कळलं.

गावी गेलो होतो. सरूकाकूंकडे फराळाला बोलावलं. सरूकाकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर, मायची जन्माची सोबतीण. त्यांच्या देवळीत, देवांच्या शेजारी, हळदीकुंकवाचं बोट लावलेली खाकी पुडी दिसली. तिच्यावर सूर्य.

"काकू, हे काय?"

"बँकेची गोळी हाय ना! तुह्या मायनं देली. सगळ्याहीला देलीय. लई पावरची म्हणं."

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. आधी भीती वाटली ती नोकरीची, खोटं कशाला सांगू. औषध फक्त कार्डावरच्या माणसासाठी, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. त्याच्या मागोमाग दुसरी भीती आली, आणि ती अजून गेलेली नाही. काकूंच्या देवळीत जर गोळी आहे, तर ती मायच्या पोटात नाही.

घरी येऊन ओरडलो. कॅन्टीनच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा ती गावी का घेऊन येते, ते आता समजलं. अर्धा पुड्यांनी भरला होता.

"माय, ही काय भाजी आहे का वाटायला? तुला गोळी नाही गेली तर मरशील तू!"

ती चुलीपुढे बसली होती. मान वर केली नाही.

"तू शहराला निघालास तवा तुह्या फडक्यात कुणाकुणाच्या भाकरी व्हत्या, ठावं हाय का तुला? महं पीठ व्हतं का तवा? सरूची भाकर, तिचीच शेंगदाण्याची चटणी. पल्याडच्या गंगूची भाकर. आन् आता इतकी भारी दवा आली, ती मह्या एकटीच्या घशाखाली कशी उतरंल रे?"

"पण त्यांना तो आजारच नाही ना!"

"असंल. कुणी बघितलंय पट्टा बांधून?"

शेवटी मी तिच्या पायाशी बसलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं, "घेईन. रोजची रोज. तुह्या म्होरं."

त्यानंतर रोज सकाळी, बस यायच्या आधी, मी पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो. ती सूर्याची पुडी उघडायची, हात तोंडाशी न्यायची, मान मागे टाकून पाणी प्यायची. मग लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवायची. "बघ. गेली." आणि हसायची. मी बूट घालायचो. तिच्या हसण्यात गंमत असायची, किंवा मला ती वाटायची.

डॉक्टरीणबाईंना मात्र कोडं पडलेलं. "एवढं औषध चालू आहे आणि उतरत कसा नाही? मीठ खाता का आजी?"

"न्हाई बाई. पापडालासुदिक हात लावत न्हाई."

गोळी बदलली. मोठी आली. मग दोन झाल्या. जाळीच्या भोकातून दिघेकाकांचा हात जास्त पुड्या घेऊन यायला लागला, आणि माय त्या मोठ्या आनंदानं पदरात घ्यायची. मी बघत होतो तो आनंद. मला वाटायचं, चांदणीचा आहे.

*

त्या सकाळी मी ऑफिसात होतो. शेजारच्या बाईंना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या, थांबेचनात, म्हणून त्यांनी दार वाजवलं. माय ओट्याखाली पडलेली. उजवं अंग गेलं होतं.

बँकेनं काही कमी केलं नाही, हे सांगायलाच हवं. गाडी आली, मोठं हॉस्पिटल मिळालं, स्वतंत्र खोली, एसी. मला कुणी एक कागद मागितला नाही. मॅनेजर स्वतः येऊन बसून गेले. मायला एसीची थंडी सोसायची नाही. बँकेनं दिलेली माझी लोकरी जर्सी मी तिला घातली. तिला बोलताना त्रास व्हायचा. वाकड्या झालेल्या तोंडानं तिनं छताकडे, पडद्याकडे, सलाइनच्या बाटलीकडे बघत विचारलं, "हे बी बँकेचंच का?"

"हो माय."

तिनं डोळे मिटले. डाव्या हातानं तिनं सफरचंदाच्या फोडी उशीखाली सारल्या होत्या, फरशी पुसणाऱ्या बाईसाठी.

हॉस्पिटलात आणताना अंगावर होतं ते लुगडं नर्सनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं. पदराला गाठ होती. मी कॉरिडॉरच्या बाकावर बसून ती सोडली. आत त्या सकाळची गोळी होती. कोरडी, पांढरी, अख्खी.

मी ती गाठ परत बांधून ठेवली. थोड्याच दिवसांनी ती गेली.

*

तेराव्याला गावी पंगत उठली, माणसं पांगली. मी ओसरीवर बसलो होतो. गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. प्रत्येकीच्या हातात वाटी. कुणाच्या वाटीत मूग, कुणाच्या तीळ, जवस. आणि त्यावर ठेवलेल्या खाकी पुड्या.

मला आधी कळेचना. सरूकाकूंनी त्यांची वाटी माझ्यापुढे ठेवली. पुड्या हाताळून मऊ झालेल्या, काहींवर कुंकू, शाई पसरून सूर्याची किरणं लांब झालेली.

"तुही माय नेमाची व्हती," त्या म्हणाल्या. "आम्ही बी तिची वाटी तशीच कशी ठिवावी?"

"काकू, यातलं काहीच नाही घेतलं तुम्ही?"

"आता बँकेच्या गोळ्या त्या लेकरा. असं डोकं दुखलं, गुडघा दुखला म्हणून कुणी खाईल का? मोठ्या दुखण्याला ठिवल्या व्हत्या. ती बी हेच म्हणायची, वाया घालू नका, मह्या लेकाच्या बँकेच्या हायत."

गंगूकाकूंनीही मान हलवली. कुणीच एकही खाल्ली नव्हती. पुडीची घडीसुद्धा बहुतेकींनी मोडली नव्हती. सगळं औषध गल्लीभर फिरून, देवळ्यांतून, उतरंडीतून, ट्रंकांतून, जसंच्या तसं माझ्यापुढे येऊन बसलं होतं, आणि मधून एक माणूस गेलं होतं.

मी मूग, तीळ, जवस ओतून घेतले. वाट्यांत गूळ घालून परत दिल्या. रीत होती.

त्या सगळ्या पुड्या भरून तो पत्र्याचा डबा मी कॉलनीत आणून दिघेकाकांच्या खिडकीवर ठेवला. पहिल्यांदाच ते दारातून बाहेर आले. बुटके होते, हाताच्या मानानं फारच बुटके. त्यांनी एक पुडी उचलली, चांदणीवरून अंगठा फिरवला. "हे पेन गळायचं माझं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. नंतर बराच वेळ भोकातून कुणालाच औषध मिळालं नाही. रांग नुसती उभी होती.

*

आता मीही गोळी घेतो. तीच, रक्तदाबाची. आता पुड्या नाहीत. मोबाइलवर नोंद होते, दुकानातून चकचकीत पाकीट येतं, सूर्यबिर्य काही नसतं. रविवारी सकाळी लवकर निघालो म्हणून घ्यायची राहिली होती. दवाखान्याच्या खिडकीपाशी आठवण झाली आणि मी फाटकाकडे परत आलो.

"पाणी आहे का हो?"

वॉचमननं खुर्चीखालची बाटली दिली. मी पाकिटातून गोळी काढताना तो बघत होता.

"कशाची हाय?"

"बीपीची."

"मला बी गरगरतं हो साहेब. दुपारी उभं ऱ्हायलं की अंधारी येती." तो जरा घुटमळला. "एखादी जास्तीची असंल तर द्या की. तुमच्या बँकेच्या चांगल्या असत्याल."

पाकीट माझ्या हातात होतं. एक सोडून बाकी सगळं भरलेलं.

"अशी घ्यायची नसते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "आधी तपासावं लागतं. उद्या येतो मी, महापालिकेच्या दवाखान्यात जाऊ."

"उद्या ड्युटी हाय."

"मग परवा."

"परवा बी हायच," तो हसत म्हणाला. एजन्सीत सुट्टी घेतली की खुर्चीवर दुसरा माणूस बसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. "ऱ्हाऊ द्या. घ्या तुम्ही. पाणी घ्या."

तो समोर उभा होता, मोठ्या गणवेशात, माझ्याकडे बघत. मी गोळी जिभेवर ठेवली आणि प्यायलो. उतरेना. आणखी प्यायलो. गोळी तर केवढीशी, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढी. मान मागे टाकून पीत राहिलो, ती खाली गेली असं वाटेपर्यंत.

मग बाटली त्याच्या हातात परत दिली. देताना बघितलं, तिच्यात थेंबसुद्धा ठेवला नव्हता मी.